बीर-बिलिंगचं पहिलं टँडम उड्डाण: पळायचं, बसायचं नाही

टँडम, म्हणजे पायलटसोबत जोडीने करायच्या पॅराग्लायडिंगमध्ये प्रवाशाला खरं काम एकच असतं, तेही पाच-दहा सेकंदांचं. डोंगराच्या उतारावरून, समोर दरी दिसत असताना, पायलट थांबवेपर्यंत पळत राहायचं. बाकी सगळं मागे बसलेला पायलट बघतो. पण नवखी माणसं नेमकी इथेच चुकतात. छत्री, म्हणजे ग्लायडरचा कापडी पंख, डोक्यावर उभी राहते, मागून ओढ बसते, गुडघे आपोआप दुमडतात आणि माणूस मटकन खाली बसतो. मीही बसले होते, पुण्याजवळच्या कामशेतच्या टेकडीवर, गवतात, पायलटला सोबत घेऊन. त्याला कुठे लागलं नाही, मलाही नाही, पण रांगेत उभ्या असलेल्या पोरांची करमणूक झाली. दुसऱ्या खेपेला पळाले आणि उडाले.

पुढच्या वर्षी बीर-बिलिंगला गेले ती ही चूक गाठीशी बांधूनच. पहिल्यांदाच उडणार असाल आणि थेट हिमालयात उडायचं ठरवलं असेल, तर जायच्या आधी काय बघायचं, कुणाला काय विचारायचं आणि त्या दहा सेकंदांत काय करायचं, ते इथे सांगते.

जागा कशी आहे

बीर हे हिमाचलच्या कांगडा जिल्ह्यातलं, धौलाधार रांगेच्या पायथ्याचं गाव. वर बिलिंग नावाचं कुरण आहे, साधारण २४०० मीटर उंचीवर. उड्डाण तिथून होतं. उतरायचं खाली बीरच्या चौगान मैदानात, म्हणजे सुमारे हजार मीटर खाली. मधला रस्ता १४ किलोमीटरचा, नुसत्या वळणांचा. २०१५ साली इथे पॅराग्लायडिंगचा विश्वचषक झाला आणि गावाचं नाव सगळीकडे झालं. त्याआधीही परदेशी पायलट इथे येत होतेच.

हजार मीटरचा हा फरक लक्षात ठेवा, कारण तुमचं उड्डाण किती वेळ चालणार ते त्यावरून कळतं. टँडम ग्लायडर शांत हवेत सेकंदाला साधारण सव्वा मीटर खाली येतो. हजार भागिले सव्वा, म्हणजे आठशे सेकंद, तेरा-चौदा मिनिटं. ‘पंधरा-वीस मिनिटांचं उड्डाण’ म्हणतात ते इथून येतं. त्याहून जास्त वेळ हवेत राहायचं तर वर जाणारी हवा सापडावी लागते. बिलिंगचा उतार दक्षिणेकडे तोंड करून आहे. सकाळी ऊन त्यावर पडतं, दगड-माती तापते, तिला लागून असलेली हवा गरम होऊन उताराने वर सरकते आणि जागोजागी तिचे वर चढणारे खांब तयार होतात. पायलट त्यांना थर्मल म्हणतात. घारी-गिधाडं पंख न हलवता गोल फिरताना दिसली, तर तिथे थर्मल आहे असं समजा. पायलटही त्यांच्याकडे बघूनच वळतो.

आपल्या कामशेतचं गणित वेगळं. तिथल्या टेकड्या काहीशे फुटांच्या. वारा टेकडीवर आदळून वर उचलला जातो आणि ग्लायडर त्या पट्ट्यात येरझारा घालत राहतो. उंची कमी, दृश्य पवन मावळाचं, खर्च आणि प्रवास दोन्ही आटोपशीर. उंचीची खूपच धास्ती असेल तर हिवाळ्यातली एक संध्याकाळ आधी कामशेतला काढा. दिल्लीच्या पुढे रात्रभर बसचे धक्के खाऊन गेल्यावर ‘मला नाही जमणार’ हे कळण्यापेक्षा ते पुण्यापासून तासाभरावर कळलेलं बरं.

कधी जायचं, किती दिवस ठेवायचे

ऑक्टोबर आणि नोव्हेंबर. पाऊस सरलेला असतो, हवा धुतल्यासारखी स्वच्छ आणि दुपारीही फारशी खवळत नाही. दुसरा हंगाम मार्च ते जूनचा. तेव्हा थर्मल जोरदार असतात, धक्के जास्त बसतात आणि दुपारनंतर ढग चढून गडगडाट होण्याची शक्यता असते. डिसेंबर-जानेवारीत स्वच्छ दिवशी उड्डाणं होतात, पण बिलिंगला बर्फ असू शकतो आणि हातापायांची बोटं बधिर होतात. १५ जुलै ते १५ सप्टेंबर या काळात हिमाचलात पॅराग्लायडिंगला सरकारी बंदी असते. या दिवसांत कुणी ‘करून देतो’ म्हणाला तर त्याच्याशी पुढे बोलूच नका.

बीरला निदान दोन मोकळे दिवस हाताशी ठेवा. आमचा पहिला दिवस असाच गेला होता. वर पोचलो, हार्नेस, म्हणजे पट्ट्यांची खुर्ची, पाठीवर चढवलं, आणि वारा पाठीमागून यायला लागला. विमान असो की ग्लायडर, उडायचं ते समोरच्या वाऱ्यात. पायलट तासभर गवताच्या काड्या उडवून बघत राहिला, मग म्हणाला, ‘दीदी, आज नहीं.’ जीपने खाली आलो. बरोबरच्या एका गृहस्थांनी पैसे परत मिळावेत म्हणून बराच वाद घातला, आणि त्या वादातच मला पायलटबद्दल खात्री पटली. ज्यांचं परतीचं तिकीट त्याच रात्रीचं असतं, ती माणसं पायलटवर दबाव आणतात. तुमच्यावर ती वेळ येऊ देऊ नका.

पोचण्याबद्दल थोडक्यात. पुण्याहून झेलम एक्सप्रेस आणि मुंबईहून स्वराज एक्सप्रेस पठाणकोट कॅन्टला थांबते. तिथून रस्त्याने चार-पाच तास. किंवा दिल्लीहून रात्रीची बस, साधारण बारा तास. जवळचा विमानतळ कांगड्याजवळचा गग्गल. पठाणकोट-जोगिंदरनगर ही छोटी गाडी फार देखणी, पण ऑगस्ट २०२२ च्या पुरात चक्की नदीवरचा तिचा पूल कोसळला. तिच्या भरवशावर बेत आखण्यापूर्वी गाडी कुठून कुठवर चालू आहे ते विचारून घ्या. पोचल्या दिवशी उडू नका. रात्रभर बसमध्ये न झोपलेल्या माणसाला हवेत हमखास मळमळतं.

पायलट निवडताना

बीरच्या बाजारात दर दहा पावलांवर बुकिंगचं दुकान आहे. दुकानदार पायलट नसतो, आणि बरेचदा तुमचा पायलट कोण ते त्यालाही सकाळपर्यंत ठाऊक नसतं. म्हणून मी दुकानात एकच गोष्ट विचारते: ‘उडवणार कोण, आणि त्यांच्याशी आधी बोलता येईल का?’ टाळाटाळ झाली तर पुढचं दुकान.

पायलट भेटला की त्याचा परवाना बघा. हिमाचलात टँडम पायलटला पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. परवान्यावर टँडम असा स्पष्ट उल्लेख हवा, मुदत संपलेली नसावी आणि फोटो समोरच्याच माणसाचा असावा. एकट्याने उत्तम उडणारा माणूस दुसऱ्याला घेऊन उडायला पात्र असतोच असं नाही. कार्ड मागण्यात संकोच नको. चांगले पायलट ते स्वतःहून पुढे करतात.

मग रिझर्व्ह पॅराशूटचं विचारा. मुख्य छत्रीला काही झालं तर हाताने फेकून उघडायची ही दुसरी छत्री. ती वापरली गेली नाही तरी ठरावीक काळाने उघडून, हवेशीर करून पुन्हा घडी घालावी लागते. ‘शेवटची घडी कधी घातली?’ या प्रश्नाला महिना सांगणारं उत्तर यावं. ‘सब ठीक है मॅडम’ हे उत्तर नव्हे.

पैशांचं बोलणं वर जायच्या आधी संपवा. रकमेत जीपचं भाडं आहे का, व्हिडिओचे वेगळे किती, वाऱ्यामुळे उड्डाण रद्द झालं तर पैसे परत की दुसऱ्या दिवशी उड्डाण, हे तीनही लेखी घ्या. साधा मोबाइलवरचा संदेशही चालेल. सगळ्यांत स्वस्त दर सांगणाऱ्याकडे मी जात नाही. स्वस्तातला पायलट दिवसाला जास्त फेऱ्या मारतो, आणि घाईत पट्टे तपासायचे राहतात. फॉर्मवर सही करताना तो वाचा. आणि तुमच्या प्रवास विम्यात साहसी खेळ वगळलेले आहेत का तेही बघा, बहुतेक वेळा असतात.

वजन, तब्येत, कपडे

वजन विचारलं की खरं सांगा. लाजेने पाच किलो कमी सांगणारी माणसं मी पाहिली आहेत. पायलट दोघांच्या वजनावरून ग्लायडरचा आकार ठरवतो. वजन ग्लायडरच्या मर्यादेपलीकडे गेलं तर जास्त वेगाने पळावं लागतं आणि उतरताना आपटायला होतं. शंभर किलोच्या आसपास वजन असेल तर आधी फोन करूनच जा, कारण प्रत्येकाकडे तेवढा मोठा ग्लायडर नसतो.

गरोदरपण, हृदयविकार, फिट येणं, अलीकडे झालेली शस्त्रक्रिया, मणक्याचं किंवा गुडघ्याचं जुनं दुखणं यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर पायलटलाही सांगा. उंचीची भीती मात्र आजार नव्हे, आणि ती हवेत बरेचदा जाणवतच नाही. गच्चीच्या कठड्यावरून खाली बघताना पोटात गोळा येतो, कारण पायांपासून जमिनीपर्यंत सरळ भिंत दिसत असते. ग्लायडरमध्ये तशी भिंतच नसते. माझी वहिनी शनिवारवाड्याच्या सज्जातून खाली बघत नाही, ती बिलिंगहून उडताना वीस मिनिटं अखंड बोलत होती.

बीरला घाम येत असला तरी वर सहा-सात अंशांनी थंड असतं, आणि त्यात ताशी ३५-४० किलोमीटरचा वारा तोंडावर. वारा अडवणारं जाकीट, पूर्ण पँट, पातळ हातमोजे. बूट लेसचे आणि घोटा धरून ठेवणारे, सँडल अजिबात नको. ओढणी, स्कार्फ, लांब कानातली हॉटेलवर ठेवा. मंगळसूत्र आत घालून वरून जाकिटाची चेन लावा. केस बांधा. चष्म्याला दोरी लावा. मोबाइल चेनच्या खिशात. हजार मीटरवरून पडलेला मोबाइल कुणाच्या डोक्यात पडला तर काय होईल, ते सांगायला नको. सेल्फी काढायचीच असेल तर पायलटकडे बांधलेला कॅमेरा असतो.

सकाळी पोळी-भाजी किंवा केळं, एवढंच खा. अगदी उपाशी राहिलात तरी मळमळतं. बिलिंगच्या टपऱ्यांवर मॅगीचा वास सुटलेला असतो, ती मॅगी नंतर. आणि वर नैसर्गिक विधी उरकून घ्या. थंडी आणि धास्ती दोन्ही एकदम येतात.

पहिल्यांदा उडणाऱ्याने सकाळचं उड्डाण मागावं. दहा-साडेदहाला हवा नुकती जागी होत असते, ग्लायडर बोटीसारखा अलगद चालतो. बारा ते तीनमध्ये थर्मल भरात असतात. उंची जास्त मिळते, वेळही जास्त, पण खाली-वर हिसके बसतात. ते दुसऱ्या वेळेसाठी ठेवा.

घरून निघण्याआधी एक सराव करा. पाठीवर सामानाची सॅक घ्या, पट्टे आवळा, आणि घरातल्या कुणाला तरी मागून ती सॅक धरून ओढायला सांगा. आता मैदानात पुढे पळा. सरळ उभं राहून पळालात तर मागे ओढले जाल. कंबरेतून पुढे झुकलात, छाती पट्ट्यांवर रेलली, की पाय आपोआप जोर लावतात. बैल गाडी ओढताना मान खाली घालतो, तसं. हे चार-पाच वेळा केलंत तर अर्धं टेकऑफ शिकलात.

बिलिंगच्या कुरणावर

वर पोचल्यावर पायलट हार्नेस चढवतो. हार्नेस म्हणजे पाठीवरची खुर्ची. ती खांद्यांवर अडकते, पण माणसाला हवेत धरून ठेवतात ते मांड्यांचे पट्टे. दोन मांड्यांना दोन, छातीला एक. हे मोजायचं काम तुमचंही आहे. प्रत्येक बकल ‘टक्’ वाजलं पाहिजे, आणि मग ते हाताने ओढून बघायचं. उजवी मांडी, डावी मांडी, छाती, हेल्मेट, असं मोठ्याने म्हणत मी हात लावून बघते. लोक हसतात, हसू देत. फेब्रुवारी २०२४ मध्ये कुल्लूजवळच्या डोभीला तेलंगणातली एक पर्यटक तरुणी उड्डाणात खाली पडून मरण पावली, आणि पट्टा नीट लावला गेला नव्हता हे प्राथमिक चौकशीतच पुढे आलं. टँडममधले काही धोके हवामानाचे असतात, काही नशिबाचे. हा एक मात्र पाच सेकंदांत टाळता येतो. बसून राहायला लागलं आणि मधे पट्टे सैल केले, तर पुन्हा पहिल्यापासून तपासा. बहुतेक घोटाळा त्या ‘जरा सैल करतो’ मध्ये होतो.

नंतर पायलट छत्री उतारावर पसरतो आणि तुमचं हार्नेस दोन्ही बाजूंच्या मोठ्या हुकांनी, म्हणजे कॅराबिनरनी, अडकवतो. दोन्ही हुक बंद आणि लॉक झालेले आहेत हे डोळ्यांनी बघा. तुम्ही पुढे, तो मागे. आता विचारून घ्या: पळायला नेमका कोणता शब्द वापरणार, थांबायला कोणता, आणि उतरताना उभं राहायचं की पाय वर घेऊन बसायचं. प्रत्येकाची पद्धत वेगळी. बहुतेकांचे शब्द ‘चलो, भागो, भागो’ आणि ‘रुको’ हेच असतात. गिरक्या-कसरती नकोत, हेही आताच सांगा. हवेत विचारलं तर वाऱ्याच्या आवाजात तुमचं ‘नाही’ त्याला ‘हो’ ऐकू येऊ शकतं.

मग थांबणं. समोरून ताशी दहा-वीस किलोमीटरचा सलग वारा हवा असतो. ग्लायडरला उचलून धरायला जो वेग लागतो, त्यातला काही वारा देतो आणि उरलेला तुमचे पाय. म्हणून चांगल्या वाऱ्यात चार पावलांत उडता आणि मंद वाऱ्यात वीस पावलं पळावी लागतात. उंचीवरची हवा विरळ, त्यामुळे बिलिंगला कामशेतपेक्षा थोडं जास्तच पळायला लागतं.

‘चलो’ म्हटलं की पहिली दोन पावलं चालल्यासारखी. तेवढ्यात छत्रीत हवा भरते आणि मागून जोरदार ओढ बसते, क्षणभर तुम्ही जागीच अडकता. बसायची इच्छा होते ती इथेच. पुढे झुका आणि पाय चालू ठेवा. छत्री डोक्यावर आली की ओढ एकदम हलकी होते. मग ‘भागो’. आता खरं पळायचं, लांब पावलं टाकत, नजर समोरच्या डोंगरावर. हात खांद्याच्या पट्ट्यांवर ठेवा. बाजूच्या दोऱ्या, पायलटचे हात, ब्रेक (छत्री वळवायच्या दोऱ्यांच्या मुठी) यांना शिवायचं नाही. उडी मारायची नाही. उडी मारली की पायांचा वेग संपतो, आणि छत्री अजून तुमचं वजन घ्यायला तयार नसेल तर दोघेही खाली येता. पाय जमिनीवरून सुटले तरी दोन-तीन पावलं हवेतच टाका, कारण कधी कधी ग्लायडर पुन्हा टेकतो. ‘रुको’ ऐकू आलं तर जागच्या जागी थांबायचं. त्यात अपमान नाही. छत्री वाकडी वर आली की चांगला पायलट थांबवतोच.

पायलट ‘बैठ जाओ’ म्हणेल तेव्हा सीटमध्ये आत सरका. सीट मांड्यांखाली आली की आरामखुर्ची होते. इथवर आलात की तुमचं काम झालं.

हवेत

पहिली दोन मिनिटं हात पट्टे घट्ट धरून असतात. ते सैल सोडा. पायलटच्या छातीवरचं छोटं यंत्र वाजू लागतं. भराभर ‘टिट् टिट्’ म्हणजे वर चाललात, लांबट भोंगा म्हणजे खाली. थर्मलमध्ये शिरताना एक बाजू उचलल्यासारखी होते आणि ग्लायडर गोल फिरू लागतो. पायलट वळताना ज्या बाजूला झुकेल त्या बाजूला तुम्हीही किंचित रेला, उलट ताणू नका. कान बंद झाले तर आवंढा गिळा.

हवेच्या एखाद्या खळग्यात छत्रीचा कोपरा फडफडून दुमडू शकतो. ती कापडाचीच असते, आतल्या हवेच्या दाबाने ताठ राहते. टँडमसाठी बनवलेल्या छत्र्या अशा वेळी बहुतेकदा स्वतःच उघडतात, आणि पायलट वजन दुसऱ्या बाजूला टाकून ब्रेकने तिला सरळ ठेवतो. तुम्ही तेव्हा शांत बसणं, हीच मदत.

मळमळ सुरू होताच सांगा, पोटात ढवळून येईपर्यंत थांबू नका. नजर खालच्या शेतांवरून काढून दूरच्या रांगेवर लावा, लांब श्वास घ्या आणि पायलटला गोल फिरायचं थांबवून सरळ जायला सांगा. पाच मिनिटांत बरं वाटतं. खरं तर बऱ्याच जणांची मळमळ वर येतानाच्या जीपमध्येच सुरू झालेली असते. म्हणून जीपमध्ये पुढची जागा मागा.

बघायचं काय? मागे धौलाधारची बर्फाची भिंत, पायांखाली देवदार आणि बांजचं (तिथल्या ओकचं) जंगल, मग पायऱ्यापायऱ्यांची शेतं आणि तिबेटी वस्तीतल्या मठांची सोनेरी छपरं. नशीब असेल तर एखादं हिमालयीन गिधाड बाजूने जातं. ते मान वळवून बघतं. कॅमेऱ्यात बघत बसाल तर ते दिसायचं नाही.

उतरताना

चौगानच्या मैदानावर झेंड्या आणि वाऱ्याची पिशवी लावलेली असते. पायलट त्यांच्यावरून वारा कुठून येतोय ते बघतो, उंची संपवण्यासाठी एक-दोन वळणं घेतो आणि समोरच्या वाऱ्यात शेवटची सरळ रेघ धरतो. जमीन जवळ आली की एकदम वेगाने सरकल्यासारखी वाटते, घाबरू नका. उभं राहायचं ठरलं असेल तर सीटमधून पुढे सरकून पाय खाली सोडा आणि टेकताच दोन-चार पावलं पळा. पाय वर घेऊन बसायचं ठरलं असेल तर गुडघे छातीकडे घ्या आणि तसेच धरून ठेवा. पायलटच्या पायांवर आणि हार्नेसच्या गादीवर उतरता येतं. अर्धवट लोंबते पाय सगळ्यांत वाईट. घोटे तिथेच मुरगळतात.

टेकल्यावर छत्री मागे पडते. हुक सुटेपर्यंत हलू नका, आणि सुटले की लगेच मैदानाच्या कडेला व्हा. मागून दुसरा ग्लायडर येत असतो आणि त्याला ब्रेक मारून थांबता येत नाही. व्हिडिओ तिथेच मोबाइलवर घ्या. ‘नंतर पाठवतो’ म्हणून गेलेले व्हिडिओ परत आल्याचं मी ऐकलेलं नाही.

पाणी प्या आणि पंधरा मिनिटं गवतावर बसा. पाय थोडे लटपटतात, ते उभं राहून लपवण्यात अर्थ नाही. भूक जाणवली की तिबेटी वस्तीत वाफाळता थुक्पा, म्हणजे नूडल्सचं सूप, मिळतो. आणि बसल्याबसल्या वर पाहत ‘हे स्वतःलाच उडवता आलं तर?’ असं मनात आलं, तर नवशिक्यांसाठी प्राथमिक वर्ग बीरलाही चालतात आणि कामशेतलाही. पहिले दिवस मैदानात छत्री डोक्यावर धरून नुसतं पळण्यातच जातात.